ब्लोअर मधेच बंद पडते, ग्लोव्ह बॉक्सखाली बुक्की मारली की चालू होते. नागपूरचे कोणी अनुभवी आहेत का?

बर्डी_ते_बुटीबोरी

नमस्कार मंडळी. गाडी २००८ ची पेट्रोल हॅचबॅक, आधी सासऱ्यांकडे होती आता माझ्याकडे आली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अर्धी चर्चा तिकडंच जाते. इंजिन मस्त आहे, एसी थंड करते, तक्रार फक्त ब्लोअरची, म्हणजे आत हवा फेकणाऱ्या पंख्याची.

सकाळी गाडी काढली की ब्लोअर एकदम बरोबर चालते, चारही स्पीड. मग वर्धा रोडनी निघालो की पंधरा-वीस मिनिटांत, विमानतळ मागं पडते न पडते तोच, ब्लोअर एकदम चूप. हळूहळू कमी होत नाही, आवाज नाही, वास नाही, सरळ बंद. नॉब १ वर ठेवा की ४ वर, काही फरक नाही. मग कुठं स्पीडब्रेकरवर गाडी आदळली की आपोआप चालू, कधी पुढं तासभर चालते तर कधी पुढच्याच सिग्नलला पुन्हा बंद. बायकोनं शोधून काढलं की ग्लोव्ह बॉक्सच्या खाली बुक्की मारली की चालू होते, आता ती बाजूला बसली की तिच्याकडं तेच खातं आहे.

ब्लोअर बंद असते तेव्हा बाकी सगळं चालू असते, वायपर, काचा, टेप सगळं. मागच्या उन्हाळ्यातपण असं एकदा झालं होतं पण तेव्हा वाटलं एसीचा गॅस कमी झाला असेल म्हणून लक्ष दिलं नाही.

पुण्या-मुंबईचे लोक विचारतील नागपुरात हीटर कशाला लागते, तर भाऊ २९ डिसेंबर २०१८ ला इथं ३.५ डिग्री होतं, तेव्हाचे पेपर काढून पाहा. अन हीटरचं सोडा, स्वेटर घालून भागते, खरा त्रास समोरच्या काचेचा आहे. मागच्या रविवारी पहाटे रामटेकला निघालो, गाडीत पाच लोक, मनसरच्या अलीकडं धुकं अन नेमकं तिथंच ब्लोअर बंद, काच आतून पूर्ण पांढरी, समोर ट्रक आहे की झाड काही समजेना, गाडी बाजूला घेऊन काच पुसत बसलो. त्यामुळं हे आता टाळता येत नाही.

मेकॅनिकनं आधी फ्यूज बदलला, मग रेझिस्टन्स (ब्लोअरचा स्पीड कमी-जास्त करणारा पार्ट) नवीन टाकला, थोडे दिवस बरं चाललं मग जैसे थे. आता तो म्हणते मोटर बदला, नवीन ४५०० सांगून राहिला, जुन्या गाडीतली काढलेली १२०० ला. दुसऱ्याला विचारलं तर तो म्हणते इग्निशन स्विच गेला. तिसऱ्याला विचारायची हिंमत नाही. माझ्याकडं मल्टीमीटर आहे, घरचे बोर्ड-बटणं मी स्वतःच करतो, पण गाडीच्या वायरिंगला अजून हात लावलेला नाही. सुरुवात कुठून करू?

---

पारडीचा_पोट्टा

मोटर गेली भाऊ. कार्बन (मोटरच्या आतले करंट देणारे ब्रश) घासले. ठोकल्यावर चालू होते म्हणजे शंभर टक्के कार्बनच, माझ्या मामाच्या गाडीतपण हेच झालं होतं. १२०० वाली टाक अन मोकळा हो, कुठं मीटर घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घालत बसतो बे.

---

जुना_वायरमन

थांबा जरा. कार्बन असू शकते, मी नाही म्हणत नाही, पण ठोकल्यावर चालू होणं ही कोणत्याही लूज कॉन्टॅक्टची खूण आहे अन ग्लोव्ह बॉक्सच्या खाली एकटी मोटर राहत नाही. मोटरचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) तिथंच, रेझिस्टन्स तिथंच, रेझिस्टन्सचा कपलर तिथंच, बऱ्याच गाड्यांत रिलेपण (इशारा मिळाला की मोठा करंट जोडणारा स्विच) त्याच कोपऱ्यात असते. बुक्की एक, हलतात पाच वस्तू.

आधी करंट कसा फिरते ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं आहे. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून रिले (रिलेला इशारा इग्निशन स्विचकडून), तिथून मोटरच्या प्लसला. मोटरच्या मायनसमधून निघालेली वायर रेझिस्टन्सच्या कपलरात जाते, तिथून स्पीडच्या नॉबला, अन नॉबपासून बॉडीला अर्थ. म्हणजे जुन्या साध्या नॉबवाल्या बऱ्याच गाड्यांत प्लस कायम मोटरवर हजर असते अन नॉब फक्त मायनसची बाजू जोडते-तोडते. स्पीड १, २, ३ रेझिस्टन्सच्या कॉइलमधून जातात, ४ नंबर कॉइल सोडून सरळ अर्थला जाते. म्हणूनच रेझिस्टन्स गेला की १-२-३ बंद होतात अन ४ चालते. तुमच्याकडं चारही एकदम बंद होऊन राहिले, तर नुसता रेझिस्टन्स बदलायचं कारणच नव्हतं. तुमच्या मेकॅनिकनं तो का बदलला ते त्यालाच माहीत. (ऑटोमॅटिक क्लायमेटवाल्या गाड्यांत कॉइलच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते, त्याची भानगड वेगळी, ते इथं आणू नका.)

आता करायचं काय. एकच गोष्ट लक्षात ठेवा, ब्लोअर बंद पडलेलं असतानाच मोजायचं. मेकॅनिककडं गाडी जाते तेव्हा ब्लोअर चालू असते, म्हणून तो अंदाजानं पार्ट बदलते, त्याचापण काही दोष नाही. तुम्ही ग्लोव्ह बॉक्स आधीच काढून ठेवा, मोटरचा कपलर शोधून ठेवा, गाडी फिरवून आणा अन बंद पडली की घरासमोर इंजिन चालू ठेवून, नॉब ४ वर ठेवून मोजा. ठोकू नका बरं का, ठोकलं की पुरावा गेला.

कपलर काढायचा नाही. लावलेला राहू द्या अन मागच्या बाजूनं वायरीच्या कडेनं टाचणी आत सरकवून तिथं मीटर लावा. कपलर काढून मोजलं तर सगळीकडं १२ दाखवते, लोडच नाही तर दाखवणारच. वायरीची एक तार जरी शाबूत असली तरी डिजिटल मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवते अन माणूस फसते, म्हणून आम्ही लोक अजूनही इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी लावून खिशात ठेवतो, तो पावणेदोन अँपिअर खाते, त्याच्यासमोर खोटं व्होल्टेज टिकत नाही.

मीटरची काळी वायर बॉडीच्या कोऱ्या लोखंडाला, लाल आधी मोटरच्या प्लसला लावा. तिथं काहीच नाही तर गडबड मागं आहे, फ्यूज, रिले, स्विच. तिथं पूर्ण व्होल्टेज आहे तर लाल वायर मोटरच्या मायनस पिनवर न्या. आता नीट वाचा. मायनस पिनवर जवळपास शून्य आलं, तर मोटरला दोन्ही बाजू मिळून राहिल्या तरी ती फिरत नाही, म्हणजे मोटर आतून तुटली, कार्बन नाहीतर आर्मेचर (मोटरचा फिरणारा वाइंडिंगचा भाग), पारडीवाले भाऊ जिंकले. पण मायनस पिनवरसुद्धा प्लसइतकंच व्होल्टेज दिसलं, तर मोटर आतून शाबूत आहे, व्होल्टेज तिच्यातून पार होऊन पलीकडं येऊन थांबलं आहे अन पुढं अर्थला जायचा रस्ता बंद आहे.

पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर त्यांना हात लावायचा नाही, एअरबॅगचे असतात. अन काही झालं तरी २० चा फ्यूज काढून तिथं ३० चा टाकू नका, वायर जळते, फ्यूज नाही जळत.

---

धरमपेठची_सई

मी टेक्निकल नाही पण आमच्याकडे ब्लोअरची हवा कमी झाली होती तेव्हा केबिन फिल्टर इतका चोंदला होता की विचारू नका, त्यात कडुनिंबाची पानं, कापूस, झुरळाचे पाय सगळं. गाडी झाडाखाली उभी असते ना, फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत सगळं वायपरखालच्या जाळीतून आत जातं. फिल्टर चोंदला की मोटरवर लोड येतो आणि ती गरम होऊन बंद पडते असं आम्हाला सांगितलं होतं. वीस मिनिटांनी बंद पडणं म्हणजे तेच वाटतंय.

आणि दादा, ब्लोअर दुरुस्त होईपर्यंत धुक्यात काचा दोन्ही बाजूंनी बोटभर खाली ठेवत जा, थंडी वाजेल पण काच पांढरी होत नाही. ब्लोअर चालू असेल तेव्हा एसी आणि हीटर दोन्ही एकदम लावायचे आणि हवा बाहेरून घ्यायची, आतल्या आत फिरवायची नाही. पाच जणांच्या श्वासाची वाफ एसी ओढून घेतो. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, हिवाळ्यात एसी लावला की लोक वेड्यात काढतात.

---

हिंगणा_शिफ्ट_बी

सई ताई, काचेचं सोळा आणे बरोबर. फिल्टरचं मात्र थोडं उलट आहे. गाडीचा ब्लोअर म्हणजे पिंजऱ्यासारखा सेंट्रिफ्युगल पंखा, त्याची वाट अडवली की तो कमी हवा ढकलतो, म्हणजे काम कमी करतो, म्हणजे करंटसुद्धा कमी घेतो आणि उलट जास्त जोरात फिरतो. व्हॅक्यूम क्लीनरच्या पाइपवर हात ठेवून बघा, आवाज बारीक आणि चढा होतो, दबून घरघरत नाही. तसंच हे.

फिल्टर चोंदल्याचं खरं नुकसान रेझिस्टन्सला होतं. ती कॉइल मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेली असते कारण तिला थंड करायला ब्लोअरची स्वतःचीच हवा लागते. स्पीड १ वर तीन-चार अँपिअर आणि दोन ओहम धरले तरी वीस-तीस वॅटची उष्णता सतत तिथं तयार होत असते. हवा कमी झाली की ती बाहेर पडत नाही, मग त्यावरचा थर्मल फ्यूज वितळतो नाहीतर शेजारचा प्लास्टिकचा कपलर भाजतो. बऱ्याच मोटरींनासुद्धा थंड व्हायला त्याच हवेतली थोडी नळीनं दिलेली असते, त्यामुळे फिल्टर साफ ठेवणं चांगलंच, फक्त लोड वाढतो हे कारण नाही.

बर्डीवाले भाऊ, एक विचारतो. मेकॅनिकनं रेझिस्टन्स नवीन टाकला तेव्हा त्याचा कपलर बघितला होता का? की जुन्याच कपलरात नवीन रेझिस्टन्स खोचला?

---

पारडीचा_पोट्टा

एवढं शिकवायले इथं कॉलेज आहे काय 😄 बरं, मोजून सांगा भाऊ, मलेपण आता उत्सुकता लागली.

---

मानेवाडा_मूषक

वायरी कुरतडलेल्या आहेत का तेपण पाहून घ्या. आमच्या गाडीत उंदरानं ब्लोअरच्या पिंजऱ्यातच घर केलं होतं, शेंगदाण्याची टरफलं अन सीटचा फोम, पहिल्यांदा ब्लोअर लावला तर सगळं तोंडावर.

---

बर्डी_ते_बुटीबोरी

सगळ्यांचे आभार, विशेषतः वायरमन काकांचे, एवढं सविस्तर आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी ऑफिसवरून येता येता छत्रपती चौकाजवळ ब्लोअर बंद पडलं, तसाच घरी आलो, बुक्की मारली नाही, बायकोचाही हात धरून ठेवला. ग्लोव्ह बॉक्स सकाळीच काढला होता. उजेड कमी म्हणून पोरगी टॉर्च धरून उभी होती अन दर मिनिटाला विचारत होती झालं का.

इंजिन चालू, नॉब ४ वर, बॅटरीवर १४.१. मोटरचं प्लस ते बॉडी १४.१. मोटरचं मायनस ते बॉडी १४.० अन काहीतरी. काका, तुम्ही म्हणता तसं व्होल्टेज पार होऊन पलीकडं येऊन थांबलं आहे. मग बल्बपण लावून पाहिला, मायनस पिन ते बॉडी, तर बल्ब झकास लागला.

त्यानंतर मी कपलरला हात लावला तर ब्लोअर चालू झालं. मोटरच्या कपलरला नाही, त्याच्या बाजूच्या, रेझिस्टन्सच्या. मग चालू असतानाच पुन्हा मोजलं, ४ वरच. प्लसकडं वाटेत ०.४ व्होल्ट कमी, मोटरवर ११.८, मायनस ते बॉडी १.९. हे बरोबर आहे का जास्त आहे?

हिंगण्याच्या भाऊंना उत्तर, नाही, कपलर कोणी बघितला नव्हता, जुन्यातच खोचला.

---

जुना_वायरमन

बल्ब लागला म्हणजे मोटरच्या वाइंडिंगमधून बल्बला पूर्ण करंट मिळून राहिला, मोटर आतून जोडलेली आहे ह्याचा अजून काय पुरावा पाहिजे. ४५०० वाचले.

१.९ फार झालं. नॉब ४ वर असताना मोटरच्या मायनसपासून बॉडीपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. (१-२-३ वर मोजाल तर तिथं जास्त दिसणारच, कारण मधे रेझिस्टन्स आहे, म्हणून ही तपासणी कायम ४ वरच करायची.) आता हिशोब लावा, ब्लोअर दहा अँपिअरच्या वर खाऊन राहिलं असेल अन १.९ व्होल्ट वाटेत जिरून राहिले, तर वीस वॅटपेक्षा जास्त उष्णता एका नखाएवढ्या पिनवर तयार होऊन राहिली. सोल्डरिंगचं लहान आयर्न पंचवीस वॅटचं असते. पंधरा-वीस मिनिटांनी का बंद पडते त्याचं उत्तर इथंच आहे. पिन तापते, तिची पकड ढिली होते, कॉन्टॅक्ट सुटते, मग थंड झाली नाहीतर हादरा बसला की पुन्हा चिकटते.

पण लगेच कपलरवर खापर फोडू नका, मायनसच्या रस्त्यात तीन जागा आहेत, रेझिस्टन्सचा कपलर, स्पीडचा नॉब अन अर्थचा नटबोल्ट. बॅटरीचं कनेक्शन काढा, तो कपलर उपसून बघा अन फोटो टाका. अर्थचा बोल्ट बहुतेक डाव्या बाजूला पायाजवळच्या पत्र्यावर असते, पावसाळ्यात पाणी आत आलं असेल तर तिथं गंज येते.

---

बर्डी_ते_बुटीबोरी

काढला. फोटो चढत नाही आहे, साइज मोठी आहे म्हणते, लिहूनच सांगतो. पांढऱ्या प्लास्टिकचा कपलर एका कोपऱ्यात चॉकलेटी झाला आहे अन एका पिनभोवती प्लास्टिक वितळून गोळा झालं आहे. जाड वायर तिथंच येते, मोटरकडून येणारी. आतली पितळी पिन काळी-निळी पडली आहे अन तिचे दोन ओठ आवळलेले राहण्याऐवजी उघडे पडले आहेत, टाचणी घातली तर सैल फिरते. नवीन रेझिस्टन्सची तीच पिनपण काळी पडायला लागली आहे.

अर्थचा बोल्ट पाहिला, थोडा गंज होता, कागदानं घासून आवळला, तिथं ०.१ पेक्षा कमी आहे आता. नॉबच्या मागं काही दिसलं नाही.

---

हिंगणा_शिफ्ट_बी

सापडला. मोटरची मायनस आणि ४ नंबरची वायर एकाच कपलरात त्याच पिनवर एकत्र येते, म्हणून चारही स्पीड एकदम जात होते. आणि रेझिस्टन्स बदलल्यावर थोडे दिवस बरं चाललं तेसुद्धा जुळतं, नवीन पिन कोरी होती, उघड्या ओठांनी थोडे दिवस धरून ठेवलं.

आता घाई करून नुसता कपलर बदलू नका. पिन भाजली कारण ती जुनी आणि ढिली होती हे एक, पण मोटर जास्त करंट ओढत असेल तर नवीन कपलरसुद्धा पुढच्या मे महिन्यापर्यंत असाच काळा होईल. मोटरचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या) कोरडे पडले, शाफ्टला केस नाहीतर दोरा गुंडाळला, कार्बनचा चुरा आत भरला की ती जड फिरते आणि जास्त खाते. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) मिळाला तर ४ वर करंट मोजा. फक्त तो डीसी मोजणारा पाहिजे, स्वस्तातले बरेचसे नुसता एसी मोजतात आणि गाडीच्या वायरीवर शून्य दाखवत बसतात.

तसा नसेल तर मल्टीमीटरची १० अँपिअरची रेंज इथं वापरू नका, मीटरचा फ्यूज उडेल. मोटर बाहेर काढून हातानं फिरवून बघा. चांगली मोटर टिचकी मारली की दोन-तीन फेरे सहज घेते, जड असेल तर हात काढला की तिथंच थांबते.

---

जुना_वायरमन

हिंगणावाल्यांचं ऐका. अन कपलर लावताना वायरीसकट मिळतो तो घ्या, पिगटेल म्हणा दुकानात, समजते त्यांना. वायर जुनीइतकी जाड पाहिजे, नाहीतर २.५ स्क्वेअर एमएम, बारीक चालत नाही. पक्कडनं चेपून भागवू नका, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबायच्या अवजारानंच दाबा अन वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. जळालेल्या जागेपासून वायर दोन-तीन इंच मागं कापा, तापून तांबं काळं पडलेलं असते, काळ्या तांब्यावर कितीही चांगलं थिंबल दाबा काही उपयोग नाही. काळी टेप गुंडाळून सोडून देणारे बरेच आहेत आपल्याकडं, नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत त्या टेपचा गोंद वितळून सगळं निसटते.

रेझिस्टन्सची पिन काळी पडायला नुकती सुरुवात असेल तर झीरो नंबर कागदानं घासून घ्या, खड्डे पडले असतील तर तोपण बदला, त्याच्यावर नवीन कपलर लावून काय फायदा.

---

सदर_सेडान

मधेच विचारतो, हीटर लावला की पेट्रोल जास्त लागते का? आमचे बाबा हीटर लावू देत नाहीत.

---

धरमपेठची_सई

हीटरची उष्णता इंजिनच्या गरम कूलंटमधूनच येते, ती तशीही रेडिएटरमधून वायाच जाणार असते. ब्लोअरची वीज लागते तेवढीच. पेट्रोल खातो तो एसी. बाबांना सांग.

---

बर्डी_ते_बुटीबोरी

अपडेट. झालं काम, सविस्तर लिहितो म्हणजे पुढं कोणाला लागलं तर.

ऑफिसातल्या मेंटेनन्सवाल्याकडून डीसी क्लॅम्प मीटर मागून आणला. ४ वर १६.५ अँपिअर. फ्यूज २० चा आहे म्हणून उडत नव्हता पण हिंगणावाले भाऊ म्हणाले तेच निघालं. मोटर काढली, तीन स्क्रू अन एक कपलर, डोकं सीटवर अन पाय दरवाजाबाहेर असं झोपून काढावी लागते, मान अजून दुखून राहिली. टिचकी मारली तर एक फेरासुद्धा पूर्ण नाही. पिंजऱ्यात कडुनिंबाची पानं होतीच (सई ताई), उंदीर नव्हता (मानेवाडावाले भाऊ), अन शाफ्टला लांब केस गुंडाळलेले, ते कोणाचे ते घरी विचारलं नाही.

मोटर घेऊन बर्डीत एका जुन्या आर्मेचरवाल्या काकांकडं गेलो, लहानशी गाळ्याची जागा आहे, मिक्सर, ड्रिल, पंपाच्या मोटरी सगळं दुरुस्त करतात. त्यांनी माझ्यासमोर उघडली. एक कार्बन अर्ध्यापेक्षा जास्त घासलेला, दुसरा बरा, म्हणजे पारडीच्या भाऊचंपण थोडं बरोबर होतं म्हणा. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) बारीक कागदानं साफ केला, त्याच्या फटींत बसलेला कार्बनचा चुरा ब्लेडच्या टोकानं काढला, बुश धुऊन त्यात तेल मुरवलं, कार्बनची नवीन जोडी टाकली. तिथंच बॅटरीवर लावून दाखवली, आवाजातच फरक. ३५० घेतले अन वरून चहा त्यांनीच पाजला.

कपलर पिगटेलसकट घेतला, वायर मागून कापली, काकांनी सांगितलं तसं तांबं खरंच आतपर्यंत काळं होतं, चांगलं तांबं लागेपर्यंत कापत गेलो. रेझिस्टन्सची पिन घासून साफ झाली, खड्डा नव्हता, तोच ठेवला.

आता ४ वर ११ च्या आसपास करंट. मोटरच्या मायनसपासून बॉडीपर्यंत ०.३. कपलरला अर्ध्या तासानं हात लावून पाहिला तर कोमट. काल मुद्दाम उमरेड रोडनी, खड्ड्याखुड्ड्यांतून फिरवून आणली, ब्लोअर एकदाही बंद पडलं नाही. बायको म्हणते आता मी बाजूला बसून करू काय.

---

जुना_वायरमन

०.३ एकदम बरोबर. कोमट राहतेच, थोडी उष्णता रेझिस्टन्सकडून येते. बोट ठेवता येत नाही इतका गरम लागला तर मात्र पुन्हा उघडा. फिल्टर पानगळ झाल्यावर एकदा अन पावसाळ्याच्या आधी एकदा काढून पाहत जा, अन वायपरखालच्या जाळीतली पानं हातानंच काढा, पाण्याचा जोरात फवारा मारला की पानं आत जातात, पाणी जायची भोकं बुजतात अन पावसाळ्यात तेच पाणी मोटरवर टपकते.

---

पारडीचा_पोट्टा

थोडं बरोबर म्हणजे? एक कार्बन अर्धा घासला होता ना, मंग मी अर्धा बरोबर 😎 त्या आर्मेचरवाल्या काकाचं दुकान कुठं आहे, मामाची गाडी पुन्हा बंद पडली.

---

बर्डी_ते_बुटीबोरी

मेसेज करतो भाऊ. मामाला सांग ह्या वेळी कपलर पाहूनच घे.

---

सदर_सेडान

इथंच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. माझ्या गाडीतपण अर्ध्या तासानं हवा येणं बंद होते, पण फक्त उन्हाळ्यात, एसी चालू असताना. एसी बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबलो की पुन्हा येते अन खाली पायाजवळ पाणी दिसते. हा पण कपलरच असेल का?

---

हिंगणा_शिफ्ट_बी

पाणी दिसतं म्हणजे प्रकार वेगळा असावा. गॅस कमी असला, तापमानाचा सेन्सर बिघडला किंवा फिल्टर चोंदला की आतल्या कूलिंग कॉइलवर बर्फ जमतो आणि हवेची वाटच बंद होते. ब्लोअर बिचारा फिरतच असतो, फक्त हवा पुढे जात नाही. एसी बंद केला की बर्फ वितळतो, हवा परत येते. पाणी खरं तर गाडीखाली पडायला पाहिजे, आत येतंय म्हणजे पाण्याची नळीसुद्धा तुंबलेली दिसते. मोटर उघडू नको आताच. हवा बंद होते तेव्हा नॉब १ वरून ४ वर नेला की ब्लोअरचा आवाज बदलतो का ते आधी सांग, मग पुढचं बघू.